जुनी फाइल, नवं दार

३ मार्च, सोमवार

ऑफिसात प्रत्येक कामाची नोंद ठेवावी लागते. काय बदललं, कुणी बदललं, परवानगी कुणाची. 'जीव मेटाकुटीला आला' असं लिहायला तिथे रकाना नाही, म्हणून ही वही घेतली. उत्साह किती दिवस टिकतो ते बघू.

साहेबांनी आज फर्मान काढलं: या महिन्यात जुना लोड बॅलन्सर काढायचा, नवा बसवायचा. "जुन्यातली फाइल नव्यात घालायची, झालं. बाहेर कुणाला काही कळता कामा नये." साहेबांची सगळी कामं अशी एका वाक्यात होतात. करायला मग आम्ही आहोतच.

आमची कंपनी रक्ताबिक्ताच्या तपासण्या करते आणि लोक मोबाइलवर रिपोर्ट बघतात. बघणारे हजारो, दाखवणारे सर्व्हर सहा. तर दारात उभं राहून "तुम्ही या खिडकीवर जा, तुम्ही त्या" असं सांगणारा शिपाई म्हणजे हे मशीन. कुणाला कुठे धाडायचं हे त्याला एकेक करून शिकवलेलं असतं, आणि ते सगळं एका फाइलमध्ये साठवून ठेवता येतं. ती फाइल नव्या मशीनमध्ये इम्पोर्ट केली की तेही जुन्यासारखं वागायला लागतं. निदान पुस्तकात तरी तसं लिहिलंय.

घरीही मी हेच केलंय, आणि सांगते, झकास जमलंय. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गेल्या महिन्यात माझ्याकडे आणलं. आई गेल्यापासून ते त्यांच्या गावी एकटेच राहत होते. यायला तयार नव्हते, पण मी ऐकणारी नाही. निघण्याआधी त्यांच्या खोलीचे फोटो काढून घेतले आणि इथली खोली त्याबरहुकूम लावली. पलंग तिथेच, रेडिओ पलंगाच्या डोक्याशी, खुर्ची भिंतीला, आईचा फोटो डाव्या हाताला. सुतळीचा तोडासुद्धा इकडचा तिकडे नाही. अण्णा दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले. भरून आलं असणार त्यांना.

५ मार्च, बुधवार

आज दाराला नवं कुलूप बसवून घेतलं. आकड्यांचं. आतूनही आकडा दाबल्याशिवाय उघडत नाही.

असं करायची हौस नव्हती मला. गेल्या आठवड्यात मी ऑफिसातून आले तर घर उघडं आणि अण्णा गायब. फोन पलंगावर. जिने उतरून, चौक पालथे घालून, शेवटी पोलीस चौकीच्या पायरीवर वाट बघत बसले होते तेव्हा समोरच्या थांब्यावर हे बसमधून उतरले. पुढच्या दाराने, ड्रायव्हरशी काहीतरी बोलत. "कुठे होतात?" "फिरायला गेलो होतो." "कुठे?" "शेवटच्या स्टॉपपर्यंत. मग परत." म्हणजे बसले, कुठे उतरायचं ते आठवलं नाही आणि फिरत राहिले. ज्या माणसाने उभा जन्म लांब पल्ल्याच्या बस चालवल्या त्याला आपला थांबा आठवू नये. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

कुलूपवाला बसवता बसवता म्हणाला, "घरात लहान मूल आहे का?" मी म्हटलं, "हो, तसंच काहीसं." अण्णा मागे उभे होते हे नंतर लक्षात आलं. पण ऐकू आलं नसावं.

आकडा आईची जन्मतारीख ठेवलाय. माझे सगळे आकडे तेच असतात, विसरायची भीती नाही.

८ मार्च, शनिवार

अण्णांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. अण्णांनी सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "तुमचं भिंतीवरचं घड्याळ मागे आहे." डॉक्टर म्हणे, वयाच्या मानाने उत्तम. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला? त्यांना थोडंच चौकाचौकात शोधत फिरायचंय.

खुर्चीचा एक नवा ताप. मी भिंतीला लावून जाते आणि संध्याकाळी येते तर ती खिडकीपाशी. रोज. मी परत जागेवर नेऊन ठेवते. जुन्या घरी तीस वर्षं ती भिंतीला होती हेसुद्धा त्यांच्या डोक्यातून गेलं असेल तर कठीण आहे. चहाही अर्धा टाकतात. आई करायची तसाच, दूध जास्त आणि दोन चमचे साखर घालून देते तरी. आज म्हणाले, "कोरा दिलास तरी चालेल गं." मी म्हटलं, "उगाच माझे कष्ट वाचवू नका." 

१२ मार्च, बुधवार

टेबलावर नवं मशीन मांडून फाइल घालून पाहिली. घेतली नाही. कुठल्याशा ओळीवर अडलं आणि सरळ नाही म्हणालं. दिवसभर ती ओळ शोधत बसले. सापडली तेव्हा हसू आलं. जुनी फाइल अजून अशा दोन सर्व्हरची नावं घेऊन बसलीय जे कधीच भंगारात गेले. जुन्या मशीनला ते ठाऊक होतं, कुणीतरी वरच्या वर त्याला सांगून ठेवलं होतं की तिकडे कुणाला धाडू नकोस. ती ओळ नव्याला चालेल अशी करून दिली, नावं मात्र तशीच राहू दिली.

आमच्यात एक उंच मुलगा आहे, त्याला सगळे जिराफ म्हणतात. तो म्हणाला, "मॅडम, सगळी फाइल कशाला घ्यायची? कोणाला कुठे धाडायचं तेवढंच घेऊ. बाकीचं त्या मशीनचं स्वतःचं असतं, त्याचं नाव, पत्ता, पासवर्ड. ते नव्याला कशाला?" मी म्हटलं, बाबा रे, निवडत बसलं की नेमकं हवं ते राहून जातं. जसंच्या तसं घ्यावं, म्हणजे डोक्याला ताप नाही. साहेबांनीही मान डोलावली. आमचं दोघांचं एकमत होण्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

घरी आल्यावर पाहिलं तर अण्णांचे बूट. मी ते नेहमी टोकं भिंतीकडे करून ठेवते. आज टोकं दाराकडे होती, आणि वर धूळ. म्हणजे दिवसभर घरातल्या घरात बूट घालून फिरतात की काय? विचारलं नाही. विचारून त्यांना अवघडल्यासारखं होईल.

१६ मार्च, रविवार

रविवार म्हणजे अण्णांना फिरवून आणायचा दिवस. हाताला धरून चालवलं. थांब्याजवळून जात होतो तर एका बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि खिडकीतून हात वर केला. अण्णांनीही केला. मी म्हटलं, "ओळखीचा आहे का?" म्हणाले, "ड्रायव्हर ड्रायव्हरला ओळखतो." आता अनोळखी माणसांनाही हात करायला लागले तर.

धाकट्या भावाचा फोन आला. म्हणाला, "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर इतका राग आला की काय सांगू. तो निर्धास्त, साहेब निर्धास्त. सगळ्यांच्या निर्धास्तपणाची गाठ माझ्या पदराला. मला एकदा तरी कुणी विचारावं, तू कशी आहेस म्हणून. अण्णांनी विचारलं खरं, रात्री जेवताना. पण तेव्हा मी त्यांच्या गोळ्या मोजत होते, मीच "थांबा जरा" म्हणाले आणि पुढे राहूनच गेलं.

१९ मार्च, बुधवार

या आठवड्यात ब्रेड संपलाच नाही. सोमवारी दोनच तुकडे उरले होते असं मला वाटत होतं आणि आज बघते तर पाकीट जवळजवळ भरलेलं. अण्णा खातच नाहीत बहुतेक. पण चेहरा तर चांगला दिसतोय. मान मागून काळवंडलीय, गॅलरीत उन्हात बसत असतील. त्यांचा सदरा धुवायला घेतला तर खिशात शेंगांची टरफलं. आपल्या घरी तर शेंगा नाहीत. गावाकडूनच आली असतील त्या खिशात, मी नीट झटकलं नसेल.

सकाळी निघताना म्हणाले, "कोपऱ्यावर खणून ठेवलंय, पलीकडच्या बाजूने जा." गेले तर खरंच खणलेलं. गॅलरीतून तेवढं दिसतं वाटतं. आठव्या मजल्याचा हा एक फायदा.

मला या दिवसांत सारखं गुदमरल्यासारखं होतंय. ऑफिसात खिडकी नसलेली खोली, यंत्रांची घरघर, बाहेर पडायला गळ्यातलं कार्ड. घरी आले की आकडा दाबा, आत जा, परत आकडा दाबून बंद करा. एक हात साहेबांच्या हातात, एक अण्णांच्या. दोन्हीकडून ओढतात असंही नाही, नुसते धरून बसलेत. अण्णांना डांबलंय म्हणून मन खातं, आणि उघडं ठेवलं तर जीव जातो. ऑफिसातही कुणाला सांगायची सोय नाही की मी वडिलांना कुलपात ठेवून येते. लोक काय म्हणतील ते सोडा, मीच स्वतःला काय म्हणते ते लिहायला नको.

शनिवारी दुपारी मशीन बदलायचं ठरलंय. शनिवारी दुपारी रिपोर्ट बघणारे कमी असतात.

२३ मार्च, रविवार

काल लिहायला हात चालला नाही. आज सकाळपासून तिसऱ्यांदा वही उघडलीय.

काल दुपारी जुनं मशीन बंद केलं, नवं जागेवर बसवलं, फाइल इम्पोर्ट केली. सगळी, जशीच्या तशी. मशीन बंद होऊन परत सुरू झालं. हिरवे दिवे लागले. साहेबांनी चहा मागवला. मी आत शिरायला गेले तर पासवर्ड चुकीचा. परत टाकला. चुकीचा. जुन्या मशीनचा टाकला. तोही चुकीचा.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण वेळ निघून गेल्यावर. त्या फाइलमध्ये जुने पासवर्डही होते, आणि ते जुन्या मशीनने स्वतःच्या किल्लीने बंद करून ठेवलेले होते. नव्या मशीनने ते जसेच्या तसे घेतले आणि आपले पुसून टाकले. पण ती किल्ली काही त्याच्याकडे नाही. म्हणजे नवा पासवर्ड पुसला गेला, जुना त्याला वाचता येईना. मशीन चालू, आणि आत शिरायला दारच नाही. असली चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात कुणी करत नसेल. स्वतःच्या हाताने कडी लावून बाहेर उभं राहायचं.

त्यात भर म्हणजे ते लोकांना त्या भंगारात गेलेल्या दोन सर्व्हरकडेही धाडायला लागलं. वरच्या वर सांगून ठेवलेलं कुठलं फाइलमध्ये असायला? दर काही माणसांमागे एकाला कोरं पान. फोन सुरू झाले. एक बाई रडत होती, नवऱ्याला ऑपरेशनला घ्यायचंय, रिपोर्ट दिसत नाही म्हणून. साहेब म्हणाले, "जुनं परत लावा." लावलं. वर्षानुवर्षं न थांबता चाललेलं मशीन एकदा बंद झालं ते परत उठलंच नाही. नुसतं कण्हल्यासारखा आवाज करून गप्प झालं.

आता एकच वाट होती. नवीन मशीनला मागून वायर जोडून ते पूर्ण पुसायचं आणि पहिल्यापासून शिकवायचं. ते करायला येणारी तिथे मी एकटी. जिराफाने पुस्तकात वाचलेलं, हाताने कधी केलेलं नाही.

आणि तेव्हाच मला वाटलं, अण्णांना फोन करून सांगावं, उशीर होईल. फोन वाजत राहिला. परत लावला. परत. चार-पाच वेळा लावला असेल. उचलेनात. मनात नको नको ते यायला लागलं. पडले असतील. न्हाणीघरात पाय घसरला असेल. आणि दार बंद. मीच बंद केलेलं.

शेजारी निवृत्त मास्तरीणबाई राहतात, त्यांना फोन केला. त्यांनी दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून काही नाही. मी त्यांना आकडा सांगितला. फोन चालूच होता. दार उघडल्याचा आवाज आला, त्यांच्या चपला या खोलीतून त्या खोलीत गेलेल्या ऐकू आल्या. मग त्या म्हणाल्या, "अहो, घरात कुणीच नाही."

म्हटलं, नीट बघा. "न्हाणीघर बघितलं, पलंगाखाली बघितलं. कुणी नाही." दार बंद होतं, आठवा मजला, आणि घरात माणूस नाही. मला काही सुचेना. मी म्हटलं, "गॅलरी बघा." तेवढेच शब्द तोंडातून निघाले. चपला गॅलरीकडे गेल्या. मग म्हणाल्या, "खाली वाकून बघितलं. काही नाही, घाबरू नका."

मी पर्स उचलली. साहेब दारात उभे. "तुम्ही गेलात तर हे कोण करणार?" मी म्हटलं, "माझे वडील सापडत नाहीयेत." साहेब म्हणाले, "समजतंय मला, पण लोकांचे रिपोर्ट..." त्यांना खरंच समजत होतं, त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. आणि मला ती ऑपरेशनवाली बाई आठवत होती. मी तिथे पर्स घेऊन उभी राहिले. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. आयुष्यात इतकी कोंडली गेलेय असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि दार तर सताड उघडं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. फोन वाजला. मास्तरीणबाई. "आले हो. दाबला आकडा, उघडलं दार, आत आले. हातात ब्रेड आहे. मी खुर्चीत बसलेली बघून म्हणतात, 'बसा, चहा टाकतो. कोरा चालेल ना?'"

मी तिथेच जमिनीवर बसले आणि जिराफासमोर हमसून हमसून रडले. साहेबांनी रुमाल पुढे केला, कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. जिराफ माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "मॅडम, आता तरी गरजेपुरतंच घेऊ या का?"

घेतलं. वायर जोडली, मशीन पुसलं. त्याचं नाव, पत्ता, पासवर्ड, सगळं त्याचं त्याला ठेवलं आणि फाइलमधला एकेक तुकडा वाचून हवा तेवढाच आत घातला. अंधार पडायच्या आत सगळी पानं दिसायला लागली. साहेब त्या बाईला स्वतः फोन करून सांगत होते, "बघा, आता दिसतंय का."

घरी आले. अण्णा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते. रस्त्यात ठरवलं होतं की ओरडायचं नाही. दारातूनच ओरडले.

"आकडा कुणी सांगितला तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवा? तुझ्या आईची जन्मतारीख. शाळेत सायकलच्या कुलपालाही तीच ठेवायचीस."

"कधीपासून?"

"कुलूप बसलं त्या दिवसापासून."

"आणि रोज बाहेर?"

"रोज नाही. गुरुवारी गुडघा दुखत होता."

बूट, ब्रेड, टरफलं, तो हॉर्न देणारा ड्रायव्हर, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. माझ्यासारखी शहाणी मीच. मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाहीत?"

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "सांगितलं असतं तर तू दुसरा आकडा घातला असतास."

 घातलाच असता. त्याच दिवशी घातला असता.

मग म्हणाले, "पोरी, मला रस्ता चुकत नाही गं. मला पुढच्या सीटवर बसायला आवडतं. शेवटपर्यंत जायचं, तिथे शेंगा खायच्या, दोन शब्द बोलायचे, परत यायचं. चाळीस वर्षं गाडी मी चालवली. आता कुणीतरी चालवतंय आणि मी बघतोय. एवढंच आहे ते." आणि मग, "त्या कुलूपवाल्याला तू जे म्हणालीस ते मात्र मला लागलं."

ऐकलं होतं तर त्यांनी. मी उठले. चहा केला. दोन्ही कप कोरे. मला आवडला नाही, पण प्यायले.

२४ मार्च, सोमवार

खुर्ची खिडकीपाशीच राहू दिली. भिंतीजवळ बसलं की समोरचा उजेड सरळ डोळ्यांत येतो, हे आज तिथे बसून पाहिल्यावर कळलं. गावच्या घरी खिडकी मागे होती. माझ्या फोटोंत खिडकी आलीच नव्हती.

साहेबांनी झाल्या प्रकाराची नोंद लिहायला सांगितली. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं: पूर्ण फाइल इम्पोर्ट करण्याचा निर्णय माझा. साहेबांनी वाचलं, 'माझा' खोडून 'आमचा' केलं. माणूस वाटतो तेवढा वाईट नाही.

२६ मार्च, बुधवार

आज अण्णांना कुलपापाशी उभं केलं आणि म्हटलं, "नवा आकडा तुम्ही घाला."

"मी?"

"तुम्ही. आणि मला सांगू नका."

माझ्याकडे टक लावून बघत राहिले. थट्टा करतेय की काय म्हणून. मग म्हणाले, "तू आत कशी येणार?"

"मी येते तेव्हा तुम्ही घरी असताच की. बेल वाजवीन."

"असतोच असं नाही," म्हणाले. पण खूश झाले होते. बटणांपाशी गेले, खांद्यावरून मागे बघितलं. "तिकडे तोंड कर." मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. टिक, टिक, टिक. मला मोजायचा मोह झाला म्हणून मोठ्याने खोकत राहिले. अण्णा म्हणाले, "औषध घे." लबाड.

सुखाने झोपले असं नाही. दुपारी ऑफिसात तीनदा फोनकडे हात गेला. एकदा केलाच. उचलला नाही. तरी जागची उठले नाही.

३१ मार्च, सोमवार

हे जिन्यात बसून लिहितेय. पर्समध्ये ही वही होती, बरं झालं.

नवं मशीन आता नीट चाललंय, साहेब खूश, म्हणाले आज लवकर घरी जा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उड्या मारत आले. बेल वाजवली. परत वाजवली. अण्णा नाहीत.

मग म्हटलं, बघू तरी. आईची जन्मतारीख टाकली. नाही. ती ठेवायला अण्णा काही खुळे नाहीत. माझी टाकली. नाही. जरा वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. धाकट्याची टाकली, तीही नाही, तेव्हा बरं वाटलं. मग कुलूप लाल दिवा दाखवून गप्प झालं. जास्त चाळे केले की ते काही वेळ ऐकत नाही. हे मीच बघून घेतलं होतं ना, आणि जास्तीचे पैसे दिले होते त्याचे.

मास्तरीणबाई दार उघडून बघतात आणि हसतात. "आत येऊन बसा की." नको म्हटलं. "खुर्ची देऊ?" नको. पायरी चांगली आहे, गार आहे. खालच्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी तळतंय. लिफ्ट वर येते, दुसऱ्याच कुठल्या मजल्यावर थांबते. प्रत्येक वेळी मी मान वर करते. दाराबाहेर बसून वाट बघणं कसं असतं ते माहीत होतं, पोलीस चौकीच्या पायरीवर बघून झालंय. आत बसून बघणं कसं असेल त्याचा विचार आज पहिल्यांदा केला. अण्णांकडे आकडा होता म्हणून, नाहीतर मी माझ्या बापाचं काय केलं असतं.

एवढं लिहिलं आणि लिफ्ट थांबली. अण्णा. सदरा खोचलेला, मान काळी, हातात कागदाची पुडी. मला पायरीवर बघून थांबले.

"कधीपासून बसलीयस?"

"आत्ताच आले."

"वहीत दोन पानं झालीत."

पुडी पुढे केली. शेंगा, अजून कोमट. बाजूला बसले, गुडघा धरून. आम्ही दोघांनी मिळून शेंगा खाल्ल्या, टरफलं त्यांनी खिशात टाकली. शेवटचा स्टॉप कसा आहे ते विचारलं. म्हणाले, "काही नाही तिथे. एक झाड आहे आणि गाडी वळवायला जागा." रविवारी मलाही नेणार आहेत. पुढची सीट मात्र त्यांची.

उठले, कुलपापाशी गेले. मी सवयीने भिंतीकडे तोंड केलं. टिक टिक ऐकू येईना. मागे वळून बघितलं तर अण्णा बोट हवेत धरून माझ्याकडे बघत उभे.

"आकडा हवाय का तुला?"

हवा होता. आठवडाभर हवा होता.

"नको," मी म्हटलं. "मी बेल वाजवीन."

"आणि मी नसलो तर?"

"तर बसेन."

अण्णांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग कर तिकडे तोंड."